सरीसृप, पक्षी आणि सस्तन : खरे लक्षण कोणते?

वटवाघूळ उडते, मग ते पक्षी का नव्हे? वर्गात हा प्रश्न हमखास निघतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी लक्षण म्हणजे काय, हे आपण ठरवू. जो गुण त्या वर्गातील सर्वांत आढळतो आणि वर्गाबाहेर कोणातही आढळत नाही, ते लक्षण. आपल्या न्यायशास्त्राने लक्षणाचे दोष सांगितले आहेत. ‘उडणे’ हे पक्ष्याचे लक्षण मानले, तर न उडणारा शहामृग वगळला जातो; ही अव्याप्ती. उलट वटवाघूळ आत शिरते, ही अतिव्याप्ती.

पक्ष्याचे खरे लक्षण पिसे होत. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत ती पक्ष्यांनाच असतात. दंतहीन चोच, पोकळ हाडे, कठीण कवचाची अंडी आणि चार कप्प्यांचे हृदय हे त्यांचे इतर विशेष आहेत.

सस्तनांची ओळख दुग्धग्रंथी व केस यांवरून पटते. पिलांना जन्म देणे हे मात्र त्यांचे लक्षण नव्हे. ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपस अंडी घालतो, तरी मादी पिलांना दूध पाजते. आपल्याकडील घोणस पिलांना जन्म देते, तरी ती सरीसृपच. वटवाघळाचा पंख म्हणजे लांब बोटांमध्ये ताणलेली त्वचा. त्याच्या अंगावर केस असतात आणि मादी पिलाला दूध पाजते. म्हणून ते सस्तन.

सरीसृपांना मात्र एकच लक्षण पुरत नाही. शृंगमय खवल्यांची कोरडी त्वचा, फुप्फुसांनी श्वसन, परिसरानुसार बदलणारे शरीराचे तापमान, पिसे व केस यांचा अभाव, ही सर्व एकत्र पाहावी लागतात. हृदय बहुधा अपूर्ण विभागलेले असते. परंतु मगरीच्या हृदयाला चार कप्पे असतात.

आता कोकणात व सह्याद्रीत आढळणारे खवले मांजर पाहू. अंगभर खवले, तोंडात दात नाहीत, अन्न मुंग्या व वाळवी. प्रथमदर्शनी ते सरीसृप वाटते. परंतु त्याच्या पोटाकडील भागावर विरळ केस असतात, आणि मादी पिलाला दूध पाजते व शेपटीवर बसवून हिंडते. त्याचे खवले केराटिनचे असतात; आपली नखेही त्याच द्रव्याची. त्यांत औषधी गुण आहे, या समजुतीपायी या निरुपद्रवी प्राण्याची शिकार होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे. पण समजूत टिकून आहे तोवर केवळ कायदा पुरत नाही.

नागाला दूध पाजण्याचीही तीच कथा. दुग्धग्रंथी नसलेल्या वर्गातील प्राण्याचा दुधाशी संबंध जन्मापासूनच नसतो. दूध हा त्याचा आहार नव्हे. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते द्रव पितो, एवढेच.

विद्यार्थी मित्रहो, लक्षणे पाठ करून परीक्षा उत्तीर्ण होता येईल. परंतु समोरचा प्राणी कोण आहे, हे ऐकीव गोष्टींवरून न ठरवता निरखून ठरवण्याची सवय लागली, तरच हा पाठ शिकलो असे आपण म्हणू.