टॅब हातात देताना

टॅबला नावं ठेवणाऱ्यांचं ऐकू नकोस, पोरी. सर्वेक्षणाच्या कागदी प्रश्नावलीवर ‘नाही’ला गोल केला की मधले आठ प्रश्न गाळायचे, हे आम्हालाच ध्यानात ठेवावं लागे. चुकलं तर कळायचं ते ऑफिसात, डेटा एंट्रीच्या वेळी. तोवर त्या वाडीवर परत कोण जातंय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी, २०१५-१६ ची, छोट्या लॅपटॉपवर झाली. घरं सहा लाखांवर. तरी वजन-उंचीचे आकडे आधी कागदावर उतरवायचे आणि नंतर मशीनवर चढवायचे, अशीच पद्धत होती. तेव्हा पिशवीत वही-पेन असू दे.

मशीन अडवेल तिथे थांब. बाई सांगते वय तीस, थोरला मुलगा एकोणीस. लगेच स्क्रीनवर सूचना. मुलाचं वय दोन-तीन वर्षांनी उतरवलं की सूचना जाते, ही युक्ती तुला कुणीतरी शिकवेलच. शिकू नकोस. लातूरकडे असशील तर विचार, ‘किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?’ ‘आईचा हात धरून बाहेर पळाले’ म्हणाली, तर तिशी कुठली? १९९३ ची गोष्ट ती. असं वय काढायला आम्ही कागदावरच शिकलो. मशीनला विसंगती दिसते, खरं वय काय ते त्याला कसं कळणार?

कागदाची आणखी एक सोय होती. ‘अजून किती राहिलं?’ असं कुणी विचारलं, तर उरलेली पानं दाखवता यायची. टॅबचा शेवट समोरच्याला दिसत नाही, आणि बाईचा अर्धा जीव चुलीवरच्या दुधात असतो. पाऊण तास लागणार असेल तर दारातच सांग. ‘दहाच मिनिटं’ म्हणू नकोस. अर्ध्यावर ती उठून जाते.

उत्तरात ‘इतर’ हा पर्याय आला की मात्र टॅबवर सगळे आळशी होतात. मराठी टाइप करायचा कंटाळा, म्हणून ‘घरगुती कारण’ असं दोन शब्दांत उरकतात. बाईनं सांगितलेलं असतं की सासू दवाखान्यात जाऊ देत नाही! म्हणून कीबोर्डचा सराव घरीच कर, आणि तिचं वाक्य जसंच्या तसं घाल. सासू शेजारी बसलेली असेल तर दवाखान्यात का जात नाही, हा प्रश्न तेव्हा विचारूच नकोस. तिथे टॅब काय नि कागद काय.

पॉवर बँक रात्रीच चार्जला लाव. आणि गाव सोडण्याआधी, गाडीत बसण्याआधी, सगळे फॉर्म एकदा उघडून बघ.