अर्धशिशी : तिची आणि त्याची

दोन महिन्यांपूर्वी एक जोडपे दवाखान्यात आले. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारा, बायको घर आणि दोन गायी सांभाळणारी. आले होते नवऱ्याच्या पित्तासाठी. "महिन्यातून दोनदा पित्त खवळतं, डोकं फुटायची वेळ येते, उलटी झाली की बरं वाटतं," असे त्याचे म्हणणे. डोके एका बाजूने ठणकते का, उजेड आणि आवाज नकोसा होतो का, असे मी विचारत गेलो, तशी बायको हळूच म्हणाली, "डॉक्टर, हे समदं मलाबी होतं. पण माझं पाळीच्या टायमाला. सासूबाई म्हणतात, कामाचा कंटाळा."

एकाच घरात दोघांना अर्धशिशी. त्याच्या दुखण्याला नाव पडले पित्त, तिच्या दुखण्याला कंटाळा!

वाचकहो, अर्धशिशी म्हणजेच मायग्रेन हा मेंदूचा आजार आहे. तो बहुधा घराण्यात चालत येतो. उलटी हा त्याचा परिणाम आहे, कारण नव्हे. उपचार न केल्यास एक झटका ४ ते ७२ तास टिकू शकतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील तज्ज्ञांनी कर्नाटकात केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर चार प्रौढांमागे सुमारे एकाला वर्षभरात मायग्रेन झाल्याचे आढळले.

स्त्रियांमध्ये जास्त का?

लहानपणी मुलगे आणि मुली यांच्यात हे प्रमाण जवळपास सारखे असते. वयात आल्यावर मात्र स्त्रियांमध्ये ते पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट होते. याचे एक मोठे कारण इस्ट्रोजेन हे संप्रेरक. पाळीच्या तोंडावर त्याची पातळी एकदम खाली येते आणि पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत झटका येण्याची शक्यता वाढते. स्त्रियांचे झटके जास्त वेळ टिकतात, मळमळही अधिक असते. गरोदरपणात तीन महिन्यांनंतर अनेकींना आराम पडतो. बाळंतपणानंतर दुखणे पुन्हा डोके वर काढते.

एक महत्त्वाचा इशारा

काहींना डोके दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेषा दिसतात किंवा हाताला मुंग्या येतात. अशा स्त्रीने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या (उदा. माला-एन, माला-डी) घेऊ नयेत. त्यामुळे पक्षाघाताचा धोका वाढतो; धूम्रपान आणि रक्तदाब असल्यास आणखीच. तांबी किंवा इस्ट्रोजेन नसलेली 'छाया' गोळी असे दुसरे मार्ग आहेत. ते डॉक्टरांना विचारून निवडावेत.

ही चूक माझ्या हातून झाली आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुण मुलीला पाळणा लांबवण्यासाठी मी अशा गोळ्या लिहून दिल्या, पण चमकण्याबद्दल विचारले नाही. काही महिन्यांनी तिचा एक हात तासभर लुळा पडला. सुदैवाने हात पूर्ववत झाला. तेव्हापासून तो प्रश्न विचारल्याशिवाय मी गोळी लिहीत नाही.

पुरुषांचे काय?

पुरुषांना अर्धशिशी कमी होते हे खरे, पण ती ओळखलीही कमी जाते. "डोकं दुखतं म्हणून डॉक्टरकडे काय जायचं?" असे म्हणत मेडिकलमधून गोळ्या आणून काम रेटले जाते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, असे तीन महिने घेतली तर त्या गोळीमुळेच डोके दुखू लागते.

आणखी एक डोकेदुखी पुरुषांमध्ये जास्त आढळते. एकाच डोळ्याभोवती भयंकर कळ, त्या डोळ्यातून पाणी, त्याच बाजूचे नाक चोंदलेले. दुखणे पाव तास ते तीन तास टिकते आणि काही आठवडे रोज जवळपास ठराविक वेळी येते. अर्धशिशीचा रोगी अंधारात पडून राहतो. हा रोगी येरझाऱ्या घालतो. याचे औषध वेगळे आहे.

काय करावे?

भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोके दुखेल त्या दिवशी फुली मारावी. पाळी, उपवास, जागरण, उन्हातले काम यांची खूण करावी. जेवण चुकवू नये. गोळी दुखणे सुरू होताच घ्यावी. महिन्यात चार किंवा अधिक दिवस वाया जात असतील तर झटके टाळणारी रोजची औषधे मिळतात. मात्र त्यांतले व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातील स्त्रीने घेऊ नये. गर्भाला अपाय होतो.

अचानक आलेली असह्य डोकेदुखी, ताप येऊन मान ताठणे, बोबडी वळणे, हातपाय लुळे पडणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे किंवा गरोदरपणातील तीव्र डोकेदुखी असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

परवा ते जोडपे कॅलेंडर घेऊन आले. त्याच्या फुल्या रात्रपाळीनंतरच्या, तिच्या पाळीच्या आणि चतुर्थीच्या. सोबत सासूबाई होत्या. सगळे ऐकून म्हणाल्या, "माझंबी तरणेपणी असंच दुखायचं. पाळी गेली अन् थांबलं." बहुतेकींचे तसेच होते, मी म्हटले, आणि मुलाकडे हे दुखणे बहुधा तुमच्याकडूनच आले.

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग सुनेला म्हणाल्या, "पुढच्या चतुर्थीला उपास नको धरू."