कुंपणावरची वेल आणि पाकोळी



पाकोळी म्हटलं की आपल्यापुढे उसाचा रस शोषणारी पायरिला उभी राहते आणि हात फवारणी पंपाकडे जातो. परंतु २०१५ साली महाराष्ट्राने ज्या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्याचंही नाव राणी पाकोळीच! फुलपाखरं आणि शिंजीर पक्षी घराच्या कुंपणावर यावेत असं वाटत असेल, तर वेल कोणती लावावी हे येथे सांगत आहोत.

गेल्या पावसाळ्यात आम्ही शहापूर तालुक्यात डोळखांबला पाहुण्यांकडे गेलो होतो. सह्याद्रीच्या पायथ्याचा, भाताचा मुलूख. कुंपणावर ईश्वरीची वेल, आणि अळ्यांनी तिची पानं पार कुरतडलेली. आम्ही सवयीने म्हणालो, "दाजी, औषध मारा की!" दाजी हसले. "मग फुलपाखरू कुठून येणार?"

खरंच आहे. काळ्या पंखांचं, लाल अंगाचं क्रिमसन रोज हे फुलपाखरू ईश्वरीच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं. पानातलं विष अळीच्या अंगात मुरतं, म्हणून पक्षी पुढे त्या फुलपाखराला सहसा तोंड लावत नाहीत. खाल्लेली वेल पुन्हा फुटते. नर्सरीत तिची परदेशी बहीण बदकवेल मिळते. फूल मोठं, देखणं. पण ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग फुलपाखरू फसून तिच्यावर अंडी घालतं आणि अळ्या पान खाऊन मरतात. तेव्हा आपली ईश्वरीच बरी.

एक मात्र बजावून सांगतो. ईश्वरीलाच सापसंद म्हणतात, आणि सर्पदंशावर तिची मुळी उगाळून देतात. देऊ नका. तिच्यातील द्रव्याने मूत्रपिंडं निकामी होतात. साप चावला तर थेट दवाखाना गाठावा.

मधासाठी गणेशवेल आणि मधुमालती लावावी. गणेशवेलीचं बी रात्रभर भिजवून जूनमध्ये टोकावं. ही वेल मूळची अमेरिकेतली. तिथला हमिंगबर्ड हवेतच थांबून मध पितो. आपला शिंजीर बहुधा बसून पितो, म्हणून वेलीला आधार देताना बारीक फांद्या तशाच ठेवाव्यात. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी, मग लाल होते. तिला मांडव मजबूत हवा, नाहीतर वजनाने खाली येतो.

उसावर फवारताना वारा कुंपणाकडे असेल तर थांबावं. आणि पायरिलाच्या अंगावर चिकटलेली पांढरी अळी दिसली, तर ती एपिरिकॅनिया, म्हणजे पायरिलावरच जगणारी आपली मित्रकीड. त्या फडात औषध मारूच नये.