हात कच्चा नव्हता, क्ले शिजलेला होता

"मॅडम, तुमचा हात कच्चा आहे. अजून मळा." हे वाक्य मी क्लेचं वर्कशॉप घेणाऱ्या बाईंकडून फोनवर चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा फोन उचललाच नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला वर्कशॉपच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढून टाकलेलं होतं.

माझा हात कच्चा नाही. काळ्या मातीची भुलाबाई मी लहानपणापासून घरी करत आले, पोळ्याला बैल केले. गोळा कितपत मळला गेलाय, हे मला अंगठा लावताच कळतं. म्हणूनच तो शब्द इतका लागला.

मे महिन्याच्या शेवटी अकोल्यात दोन दिवसांचं पॉलिमर क्लेचं वर्कशॉप होतं. फी 1,500 रुपये. अमरावतीहून मूर्तिजापूरमार्गे एसटीने दोन्ही दिवस जाऊन-येऊन केलं. शिकवलं चांगलं, ते नाकारत नाही. तिथे हाताळायला दिलेला क्ले लोण्यासारखा होता, पाकीट आमच्यासमोर फोडलं होतं. मात्र घरी न्यायचं 2,200 रुपयांचं किट म्हणजे साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेले बारा रंगांचे गोळे. कंपनीचं नाव नाही, वजन नाही, महिना-वर्ष नाही. विचारलं, तर उत्तर आलं, "होलसेलचा माल आहे ताई, म्हणून तर स्वस्त देतो." भाजायचं कसं, तेही तोंडीच: "200 वर दहा मिनिटं."

नणंदेच्या ओळखीतून महालक्ष्म्यांच्या आराशीसाठी ऑर्डर आली होती. तळहाताएवढं केळीचं पान, त्यावर सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबिलीची वाटी. असे 11 संच, आणि जूनमध्ये एक नमुना दाखवायचा. हिरवा गोळा घेऊन बसले. अर्धा तास मळला तरी हातात भरडा. लाटला की कडा फाटायच्या, पानाची शीर कोरायला सुई टेकवली की तिथूनच तुकडा पडायचा. बाईंनी फोनवर सांगितलं म्हणून खोबरेल तेलाचे थेंबही घातले. वरून चिकट झाला, आतून तसाच कोरडा.

कसंबसं एक ताट जुळवून जाऊबाईंच्या ओटीजीत 200 वर ठेवलं. दहा मिनिटं व्हायच्या आत पान तपकिरी पडलं आणि घरभर झोंबरा वास सुटला. डोळ्यांतून पाणी, घशात खवखव. सासूबाईंना दम्याचा त्रास. त्यांना हाताला धरून शेजारी नेऊन बसवलं आणि मग खिडक्या उघडल्या. पॉलिमर क्ले ही माती नव्हेच. ते पीव्हीसी असतं, म्हणजे पाइपांचं असतं तेच प्लास्टिक, मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य घालून मळलेलं. जास्त तापून जळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. फिमो या ब्रँडच्या पाकिटावर 110 अंश आणि 30 मिनिटं छापलेलं असतं, स्कल्पीचं 130-135 च्या आसपास. 200 हा आकडा त्यांनी कुठून आणला?

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, सगळ्या पिशव्या घेऊन मी अकोल्याला गेले. वर्कशॉपवाल्या बाई समोर आल्या नाहीत. कामावरचा मुलगा म्हणाला, "थांबा मॅडम, दुसरा माल वरून आनून देतो." तो गच्चीवर गेला. मीही मागोमाग चार पायऱ्या चढले. वर टिनाची खोली, दार उघडं, आत भिंतीला लावून रचलेले खोके. त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि तळहाताला चटका बसला. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखी गरम पिशवी! त्या क्षणी मला सगळं समजलं. ज्या अकोल्यात 2024 च्या मे महिन्यात उन्हामुळे कलम 144 लावावं लागलं, तिथे हा माल उन्हाळाभर टिनाखाली होता. पंचेचाळीस अंशांच्या दिवसांत तिथे आठवडेच्या आठवडे राहिलेला क्ले पिशवीतच अर्धवट शिजतो. मग कोणी कितीही मळो, तो परत मऊ होत नाही.

मी हे बोलून दाखवलं, तेव्हा आतून आवाज आला, "ऊन काय आमच्याच घरी पडते का?" पैसे नाहीत, माफी नाही. चार बायका समोर बसलेल्या, त्याही गप्प राहिल्या.

ऑर्डर हातची गेली. पण शिकले ते सांगते. वऱ्हाडात एप्रिल ते जून क्लेचं पार्सल मागवूच नका. लागणारा माल थंडीतच घेऊन घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जाड पिशवीत ठेवा. थर्मोकोलच्या किंवा कडक पारदर्शक डब्यात नको, कच्चा क्ले त्याला चिकटतो आणि डबा खातो. घेताना पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती वळवा, तडकली तर परत करा. अजून खात्रीची परीक्षा म्हणजे कोऱ्या कागदावर एक गोळी रात्रभर ठेवणं. ताज्या क्लेचा तेलकट डाग कागदावर उमटतो. माझ्या बारापैकी नऊ रंगांचा काहीच उमटला नाही.

ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका. आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. सिरॅमिक टाइलच्या तुकड्यावर वस्तू ठेवा, वर फॉइल सैल झाका, मायक्रोवेव्ह अजिबात वापरू नका. क्लेचं लाटणं, सुरी, पाट स्वयंपाकाला परत नाही. भाजलेल्या वस्तूवर नेलपॉलिश लावू नका, पुढे ती चिकट होते.

आणि बिल घ्या. मी घेतलं नाही, ती माझी चूक. पाकीटबंद मालावर उत्पादकाचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. मी तिथे तक्रार नोंदवली आहे, पिशव्या तशाच बांधून ठेवल्या आहेत.

त्या मे महिन्यात माझ्यासोबत किट घेतलेल्या बायकांनो, कोणाची ऑर्डर घेण्याआधी आज रात्री एक गोळी कोऱ्या कागदावर ठेवून बघा.