क्षय घराण्यातून येत नाही

वस्तीत तपासणीला गेलो की आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते : "त्यांच्या घराण्यातच टीबी आहे." या एका वाक्याने जुळलेली लग्ने मोडतात. त्याच भीतीने माणसे खोकला लपवतात. म्हणून हा जंतू शरीरात नेमके काय करतो, ते आज समजून घेऊ.

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे आणला. तो श्वासावाटे फुप्फुसात शिरतो. तिथे पहारेकरी पेशी असतात. त्या जंतूंना गिळून मारतात. क्षयाचा जंतू मात्र अनेकदा त्या पेशीच्या पोटातच जिवंत राहतो. कसा?

प्रत्येक पेशीत जनुके असतात. जनुके म्हणजे कामाच्या सूचना. त्यांचा लांब धागा प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. धागा सैल असेल तिथली सूचना वाचली जाते, घट्ट असेल तिथली बंद राहते. गिळलेल्या जंतूचे तुकडे बाहेर दाखवून इतर सैनिक पेशींना सावध करा, अशीही एक सूचना असते. क्षयाचा जंतू नेमकी तीच दाबून ठेवतो. मग मदत अपुरी पडते आणि जंतूला लपायला जागा मिळते.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. जंतू सूचनेची अक्षरे बदलत नाही, फक्त ती वाचू देत नाही. हा फेरफारही संसर्ग झालेल्या पेशींत होतो, आईबापाच्या बीजात नाही. त्यामुळे तो लेकरांकडे वारशाने जात नाही.

मग एकाच घरात तिघांना क्षय का होतो? एकच खोली, कोंदट हवा, अपुरे अन्न आणि उशिरा झालेले निदान, म्हणून. हे मागल्या जन्मीचे कर्म नाही आणि कुणाचा शापही नाही. तथागतांनी प्रत्येक गोष्टीचे कारण शोधायला शिकवले. इथली कारणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत.

आपण काय करावे :

● दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, ताप किंवा वजनात घट असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासावा. तपासणी व औषधे मोफत आहेत.

● साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. बरे वाटले तरी गोळ्या मध्येच सोडू नयेत.

● घरातल्या सर्वांची तपासणी करावी. प्रतिबंधक गोळ्यांबद्दलही विचारावे.

● निक्षय पोषण योजनेचे महिना १,००० रुपये रुग्णाच्या हक्काचे आहेत. नोंद झाली का, ते पाहावे.

सोयरीक जुळवताना घराणे विचारू नका. उपचार पूर्ण झाला का, एवढेच विचारा.