इंजिनाचा ‘मिसिंग’ दोष व त्याची पारख

जुनी मोटार चालता चालता अडखळू लागली, तिला हिसके बसू लागले, म्हणजे ‘गाडी मिसिंग करते’ असे आपण म्हणतो. एखाद्या सिलिंडरात पेट्रोलाचे ज्वलन वेळेवर होत नाही, हा त्याचा अर्थ होय. या दोषाचा शोध कसा घ्यावा, याचा येथे थोडक्यात विचार करू.

उदाहरणादाखल कार्ब्युरेटर असलेली जुनी मारुती 800 घेऊ. 1983 साली निघालेल्या या गाडीचे उत्पादन 2014 साली थांबले. तथापि ती अद्याप रस्त्यांवर दिसते. हिच्या 796 घन सेंटिमीटरच्या इंजिनात तीनच सिलिंडर असतात. त्यामुळे एक निकामी होताच सारी गाडी थरथरू लागते. ज्वलनास तीन गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. यांपैकी एक उणी पडली की काम बिघडते.

याच मारुती 800 च्या इंजिनाशी फुलसावंगीची एक दुःखद आठवण जडली आहे. येथील एका तरुण कारागिराने ते बसवून स्वतः हेलिकॉप्टर बनविले होते. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणी चालू असता मागील पंख्याचे पाते तुटून मुख्य पंख्यावर आदळले आणि डोक्यास मार लागून तो प्राणास मुकला. त्याची जिद्द आपण मनी धरावी. त्याचबरोबर चालू यंत्रापासून अंतर राखणे हा परीक्षेचा पहिला नियम मानावा. इंजिन चालू असता पंखा व पट्टा यांजवळ हात नेऊ नये, सैल वस्त्रे आवरावीत, आणि प्लगच्या तारेस स्पर्श करू नये. तीत हजारो व्होल्टांचा दाब असतो.

आता दोषी सिलिंडर ओळखू. इंजिन बंद करून एका प्लगची तार काढावी व ती एका जादा प्लगास जोडून, त्याचा धातूचा भाग इंजिनास चिमट्याने पक्का बांधावा. मूळ प्लग जागीच असू द्यावा. जवळ पेट्रोल सांडलेले नसावे. मग इंजिन क्षणभर चालवून पाहावे. थरथर वाढली तर तो सिलिंडर निर्दोष. काहीच फरक न पडला तर दोष तेथेच आहे.

त्यानंतर इंजिन थंड करून त्या सिलिंडराचा प्लग शेजारच्याशी बदलावा. दोष प्लगाबरोबर गेला तर प्लगच खराब. न गेला तर तारांची अदलाबदल करावी. पुढे डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणास तडा वा ओल आहे काय, ते पाहावे. पावसाळ्यात ही ओल पुष्कळदा कारण ठरते. ठिणगी ठीक असूनही दोष राहिला तर मिस्त्रीकडून दाब मोजवून घ्यावा. तो कमी भरल्यास व्हॉल्व्ह वा रिंगा झिजल्या असण्याचा संभव असतो.

प्लगाचा रंगही बोलका असतो. फिकट तपकिरी रंग आरोग्याचा. कोरडी काळी काजळी बहुधा जादा पेट्रोलाची. तेलकट ओल इंजिनात तेल शिरल्याची. पांढरटपणा अति उष्णतेची अथवा पेट्रोल कमी पडत असल्याची खूण होय. अशा वेळी कार्ब्युरेटरमधील कचरा व रबरी नळ्यांच्या चिरा तपासाव्यात.

विद्यार्थी मित्रहो, एका वेळी एकच वस्तू बदलावी, हे या विद्येचे मर्म होय. दोन वस्तू एकदम बदलल्या तर गाडी सुधारेल, परंतु कारण कळणार नाही. पालकांसही विनंती की, मुलांच्या हाती पाना जरूर द्यावा. मात्र जाणत्या मनुष्यास जवळ उभे करावे. जिज्ञासा ही देवाची देणगी आहे. सावधपणाने तिचे रक्षण करणे हे आपले कर्तव्य होय.