मी पत्त्यावरच होतो

चारित्र्य पडताळणी रखडली की ओळखीतला प्रत्येक जण आवाज खाली आणून एकच प्रश्न विचारतो, "केसबिस काही आहे का रे तुझ्यावर?" मामांनी विचारलं, जुन्या ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं, सासरेबुवांनी तर थेट मला न विचारता बायकोला विचारलं. केस नाही. गुन्हा नाही, अटक नाही, परीक्षेत कॉपी नाही, नो-पार्किंगचा दंडसुद्धा मी भरलेला आहे. हे सगळ्यांना एकदाच सांगून टाकावं, म्हणून आधी लिहितो आणि मग बाकीचं.

केंद्र सरकारच्या एका संशोधन संस्थेत माझी निवड झाली होती. संस्थेचं नाव सांगत नाही, तिथेच नोकरी करायची आहे. निवडीनंतर साक्षांकन नमुना भरून द्यायचा असतो आणि त्याची पडताळणी होऊन येईपर्यंत आत पाऊल टाकू देत नाहीत. केंद्राच्या बऱ्याच खात्यांत स्वयंघोषणापत्र घेऊन तात्पुरती नेमणूक देतात आणि पडताळणी मागाहून होते. आमच्याकडे तसं नाही, कारण जागा संवेदनशील. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आस्थापना विभागातल्या मॅडमबद्दल. त्यांनी फोनवर अगदी आपुलकीनं सांगितलं, "कार्यमुक्ती पत्र तयार ठेवा, पडताळणी काय, पंधरा दिवसांत होते." कंपनीची नोटीस दोन महिन्यांची. मी राजीनामा दिला, नोटीस संपली, निरोपाचा केक कापून झाला, आणि पडताळणीचा पत्ता नाही. पुढे विचारायला गेलो तेव्हा त्याच मॅडम म्हणाल्या, "आम्ही लेखी कुठे कळवलं होतं?"

खरंच, लेखी नव्हतं.

मग सुरू झालं ते फिरणं. नमुन्यात गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे एका वर्षाहून जास्त राहिलात ते सगळे पत्ते मागतात, आणि जितके जिल्हे तितक्या ठिकाणी कागद जातो. माझे दोन होते. गावचा पत्ता आणि नोकरीच्या जागेचा भाड्याचा पत्ता. गावचं काम आठवड्याभरात उरकलं. ठाण्यातून पोलीस पाटलांना फोन गेला, त्यांनी दाखला दिला, दोन शेजाऱ्यांचे जबाब झाले. हवालदारांनी आईला "मुलगा कुठल्या खात्यात लागलाय?" असं कौतुकानं विचारलंसुद्धा.

भाड्याच्या पत्त्याचं मात्र काही कळेना. संस्था म्हणे, "पोलिसांकडे अडकलंय." पोलीस म्हणत, "आमच्याकडे आलंच नाही." दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते, हे नंतर कळलं. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय 15 ऑगस्ट 2018 ला सुरू झालं, मीरा-भाईंदर, वसई-विरारचं 1 ऑक्टोबर 2020 ला. अशा फेरबदलांत कित्येक ठाणी ग्रामीण अधीक्षकांकडून आयुक्तांकडे गेली. माझा पत्ता अशाच बदललेल्या हद्दीतला. संस्थेतल्या यादीत मात्र जुनंच कार्यालय. पत्र तिथे गेलं, तिथून 'हद्दीत नाही' म्हणून परत फिरलं, आणि परत आलेलं पत्र संस्थेत कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिलं. ते योग्य आयुक्तालयाकडे पुन्हा रवाना होईपर्यंत उन्हाळा गेला. पगार बंद, घरभाडं चालू, हिच्या पगारावर दोघांचं भागत होतं, आणि मी रोज संध्याकाळी पाच वाजता पोस्टमनकडे बघत बसायचो.

मध्ये कुणीतरी सुचवलं म्हणून ऑनलाइन अर्ज करून स्वतःचं पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र काढलं आणि संस्थेला पाठवलं. ते मिळालंही लवकर. म्हणजे पोलिसांच्या नोंदीत मी स्वच्छ आहे, हे राज्य शासनाच्या शिक्क्यानिशी माझ्या हातात होतं. संस्थेचं उत्तर आलं, की उमेदवारानं आणलेलं प्रमाणपत्र चालत नाही, आमच्या पत्राचं उत्तर यायला हवं. तेव्हा या वाटेनं कुणी जाऊ नका.

शेवटी माहितीचा अधिकार वापरला. ही गोष्ट नीट वाचा, कारण बहुतेक जण अर्ज चुकीचा करतात. 'माझा पडताळणी अहवाल द्या' असं मागितलं की गोपनीय म्हणून नकार येतो. संस्थेकडे मागून तर उपयोगच नसतो. संरक्षण, गुप्तवार्ता अशा कितीतरी संस्थांना 2005 च्या कायद्याच्या कलम 24 नं सूट दिलेली आहे, डीआरडीओ त्यात येते. मी अहवाल मागितलाच नाही. पोलिसांना मी फक्त एवढंच विचारलं, की माझ्या नावाचं पडताळणीचं पत्र कोणत्या आवक क्रमांकानं, कोणत्या तारखेला आलं, कुठल्या ठाण्याला पाठवलं आणि कोणत्या जावक क्रमांकानं परत गेलं. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवायचा असतो, वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. माझं आलं, आणि त्यात चक्क जावक क्रमांक होता. म्हणजे अहवाल ठाण्यातून गेलेला होता! मग मी इथे कशाची वाट पाहत होतो?

तो क्रमांक घेऊन विशेष शाखेच्या खिडकीशी गेलो. आत एक महिला हवालदार होत्या. त्यांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत ओळ शोधली आणि माझ्याकडे एकदा, रजिस्टरकडे एकदा असं बघितलं. "तुम्हीच का?" म्हणाल्या. मग हळू आवाजात शेरा वाचून दाखवला. सदर इसम नमूद पत्त्यावर मिळून आला नाही. घरास कुलूप. घरमालकाकडे फोनवर चौकशी केली असता सदर सदनिका रिकामी असल्याचे सांगितले.

मी ते त्यांना पुन्हा वाचायला लावलं. त्या महिन्याचं भाडं मी पाच तारखेला यूपीआयनं दिलं होतं, ते मोबाईलवर त्यांना दाखवलं. भाडं घेणाऱ्याचं नाव आणि शेऱ्यातल्या घरमालकाचं नाव एकच. बाई म्हणाल्या, "मला दाखवून काय उपयोग? पण तुमचा मालक भारी आहे हं."

घरमालकांना आम्ही काका म्हणायचो. दिवाळीला फराळाचा डबा जायचा त्यांच्याकडे. मी त्याच संध्याकाळी गेलो. काकांनी आधी आठवत नसल्याचं केलं. मग म्हणाले, "अरे, पोलीस म्हटल्यावर मी घाबरलो. तुझा करार रजिस्टर नाही ना." आता ऐका. करार नोंदवू या, असं घर घेताना मी म्हणालो होतो. खर्च अर्धा देतो म्हणालो होतो. तेव्हा यांनीच सांगितलं होतं, "नोटरी पुरते रे, कशाला उगाच टॅक्सची भानगड." म्हणजे भाड्याचं उत्पन्न लपावं म्हणून मी रिकाम्या घरात राहत होतो. वर मला म्हणतात कसे, "तू मला आधी सांगायचंस ना, पोलीस येणार आहेत म्हणून." सांगितलं होतं. व्हॉट्सअॅपवर सांगितलं होतं, त्याला यांनी नमस्काराचे हात जोडून पाठवले होते. मी तो निरोप त्यांच्यासमोर धरला, तर चष्मा शोधायला आत गेले ते काकूच बाहेर आल्या, चहाचा कप घेऊन. मी चहा घेतला नाही.

नंतर वाचून काढलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55. करार लेखी आणि नोंदलेला असायला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा कुणाला व्हायला हवी होती आणि कुणी भोगली, ते तुम्हीच बघा.

एवढं झाल्यावर मी आयुक्तालयात फेरचौकशीचा अर्ज दिला. सोबत भाड्याच्या नोंदी, दोन वर्षांची वीजबिलं, गॅसची पावती आणि सोसायटीच्या फाटकावरच्या वहीची छायाप्रत जोडली. अहवालातल्या त्या तारखेला फाटकातून पोलीस आत आल्याची नोंद वहीत नाही. पाणीपुरीवाल्याची आहे. तिथल्या साहेबांनी ते पान बघितलं आणि बाजूला ठेवलं. त्यावर काही बोलले नाहीत, पण फेरचौकशीचा शेरा मात्र तिथल्या तिथे मारला. नंतर घरी आलेले हवालदार अगदी सज्जन होते. खाली शेजाऱ्यांशी बोलले, वर येऊन माझा जबाब लिहिला, मला वाचून दाखवून सही घेतली. सगळं मिळून अर्धा तास. हाच अर्धा तास आधी कुणी दिला असता तर मी जूनमध्ये रुजू झालो असतो.

जूनचं महत्त्व सांगतो. केंद्रात 2 जानेवारी ते 1 जुलै या काळात रुजू होणाऱ्याला पहिली वेतनवाढ पुढच्या 1 जानेवारीला मिळते. 2 जुलैला किंवा त्यानंतर रुजू झालात तर ती जाते त्याच्या पुढच्या 1 जुलैला. माझ्या तुकडीतले बाकीचे जूनमध्ये लागले, मी श्रावणात. ज्येष्ठता निवडीच्या गुणानुक्रमावर ठरते, त्यामुळे तिथे नुकसान नाही, असं सगळे समजावतात. पण वेतनवाढ सहा महिने मागे पडली ती पडलीच, आणि ती दर वर्षी मागेच राहणार.

आमच्याच तुकडीतला एक मुलगा आहे, त्याच्यावर 2020 च्या टाळेबंदीत कलम 188 खाली गुन्हा दाखल झाला होता. रात्री औषध आणायला बाहेर पडला होता, असं तो सांगतो. त्यानं ते नमुन्यात सरळ लिहिलं, कागद जोडले, आणि तो माझ्या आधी रुजू झाला. तेव्हा दुसरं सांगणं हे, की लपवू नका. अटक, खटला, दंड, परीक्षेतून काढून टाकणं, यांतलं जे जे नमुना विचारतो ते लिहा. खटला मागे घेतला असेल, सुटका झाली असेल, तरी लिहा. सर्वोच्च न्यायालयानं 21 जुलै 2016 ला अवतार सिंग प्रकरणात हे बऱ्यापैकी स्पष्ट केलं आहे. कोवळ्या वयातल्या घोषणाबाजीसारखी क्षुल्लक बाब दडवली गेली तर ती माफ करण्याचा विचार होऊ शकतो. मात्र गंभीर बाब लपवली तर नोकरी जाऊ शकते. आणि खरं लिहिलं म्हणून नेमणूक द्यायलाच हवी, असंही बंधन नाही. नमुना दिल्यानंतर काही घडलं तर तेही लगेच कळवायचं असतं, हे खालच्या बारीक अक्षरातल्या इशाऱ्यात आहे. तो इशारा कुणी वाचत नाही.

बाकी नेहमीचं. नमुन्याच्या प्रती ठेवा. आधार, गुणपत्रिका आणि नमुना यांत नावाचं स्पेलिंग एक असू द्या. संदर्भ म्हणून ज्या दोन व्यक्तींची नावं देता, त्यांना आधी विचारा आणि फोन उचलणारी माणसं निवडा. मोठ्या हुद्द्याचा दूरचा काका उपयोगाचा नाही. आपला पत्ता आज कोणत्या ठाण्यात आणि कोणत्या आयुक्ताकडे किंवा अधीक्षकाकडे येतो, ते ठाण्यात जाऊन विचारा आणि नमुन्यात तसंच लिहा, संस्थेच्या यादीवर सोडू नका. चहापाण्याबद्दल कुणी सुचवेल. मी दिलं नाही, माझं काम झालं, उशिरा झालं, आणि त्या उशिराचा याच्याशी संबंध होता की नाही यावर माझं आणि हिचं अजून एकमत नाही. आणि आस्थापना विभागातलं कुणी फोनवर कितीही गोड बोललं तरी रुजू होण्याची तारीख लेखी हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नका. ईमेल करून विचारा. उत्तर आलं नाही, तर तेच उत्तर समजा.

आम्ही ते घर सोडलं. अनामतीतून काकांनी रंगकामाचे म्हणून पैसे कापून घेतले. आता तिथे एक नवं जोडपं राहतं, दोघंही स्पर्धा परीक्षांची तयारी करतात, आणि वॉचमन सांगतो की त्यांचाही करार नोटरीचाच आहे. तुम्ही अशाच घरात राहून नमुना भरणार असाल तर आधी मालकाला घेऊन करार नोंदवा. तो टाळाटाळ करत असेल तर नमुना भरायच्या आधीच घर बदला.